कोंडाबाईनं लपवलेला दिवस

कोंडाबाईला मुलाचा जन्मदिवस विचारला की ती दर माणसाला वेगळा सांगायची. मला तिनं पोळा सांगितला होता. सुलतान बाजारात केशवरावांचं ग्रामोफोन-रेडिओचं दुकान आहे, तिथं तिचा मुलगा कामाला होता. त्या केशवरावांना तिनं होळी सांगितली. नारायणगुड्याच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं तर म्हणाली, 'लई पाऊस होता.' मास्तरांनी कंटाळून एक जून टाकली. आमच्या अंबरपेठच्या वस्तीत निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली आहेत, तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पण पोळा कुठं आणि होळी कुठं? एकदा केशवरावांकडं चहा पिताना ही गोष्ट निघाली आणि मला राग आला. मला राग लवकर येतो, ते वस्तीला ठाऊक आहे. तसाच तिच्या दारात गेलो आणि विचारलं, की बाई, तू सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया आहेस. लोकांची पोरं तुझ्या हातावर जन्मतात, घड्याळ बघून तू नर्सला वेळ सांगतेस. आणि पोटच्या एकुलत्या एका पोराचा दिवस तुला माहीत नाही?

ती भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, "माहीत हाय. म्हणून तर सांगत न्हाई."

मग तिनं मला सांगितलं. दार पुढं ओढून, आवाज खाली नेऊन.

तिचं सासर देगलूरकडचं. या मुलाच्या आधी चार लेकरं झाली आणि चारही गेली. एक तर नाव ठेवायच्या आत. तिकडं मानतात की बाळ जन्मलं की सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. त्या रात्री पाटा-वरवंटा पुजतात, दिवा ठेवतात, म्हणजे बाईला लिहायला उजेड पाहिजे. चारही वेळा कोंडाबाईनं दिवा ठेवला होता, तेल कमी पडू दिलं नव्हतं. पाचव्या वेळी तिनं ठरवलं की हिला लिहूच द्यायचं नाही. सहाव्या रात्री घरातल्या बायका पेंगल्या तेव्हा तिनं बाळ उचललं, मागं उकिरड्यावर नेऊन टोपलीखाली ठेवलं आणि वरवंटा दुपट्यात गुंडाळून झोळीत घातला. आपण टोपलीजवळ बसली. सटवाई आली असेल तर दगडाच्या कपाळी लिहून गेली. पोराचं नाव तिनं उकंडा ठेवलं. उत्तम हे नाव शाळेतल्या मास्तरांनी दिलं.

वर्षभरात नवरा पटकीनं गेला आणि ती पोराला घेऊन हैदराबादला आली. तिच्या हिशेबानं पोराचं कपाळ अजून कोरं होतं. सटवाईला एक पोर कमी भरतंय हे कळलेलं असणार, ती हुडकत असणार. जन्माचा दिवस हा तिच्याकडचा पत्ता. तो पत्ता कुणाच्या तोंडून तिच्या कानावर जाऊ नये, म्हणून कोंडाबाई दहा जणांना दहा खोटे पत्ते द्यायची.

मी हसलो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की हसू तोंडातच राहिलं.

छप्पन साली बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि दिली. मी तिथं जाऊन आलो. पुढं आमच्या वस्तीनंही धम्म स्वीकारला. घराघरांतले देव आम्ही गोळा केले. मी स्वतः पोत्यात भरून मुशी नदीत सोडून आलो. कोंडाबाईनं पांढरं लुगडं नेसून सगळ्या प्रतिज्ञा मोठ्यानं म्हटल्या. तिच्या घरातून खंडोबाचा टाक निघाला, मरीआईचा दगड निघाला, तिनं हात आखडला नाही. संध्याकाळी मी खुशीत तिला म्हणालो, चला, आता ती तुमची सटवाईपण गेली.

"दादा," ती म्हणाली, "देव सोडले म्या. पर सटवी कुठं देव हाय? ती तर कारकून हाय. देवाला सोडता येतंय. कारकुनाला कसं सोडावं?"

मी कोर्टकचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून. पण याला मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मी चिडतो. तिला बरंच बोललो.

त्याच महिन्या-दोन महिन्यांत हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबईकडं गेला, आम्ही तेलुगू राज्यात राहिलो. काल रात्री घरात झोपलेला माणूस सकाळी पाहुणा म्हणून उठला, असं झालं. केशवरावांचे दोन भाऊ औरंगाबादला गेले. दवाखान्यातल्या मराठी नोकरांना विचारलं, तिकडं जाता का इकडं राहता? तिकडं आपली भाषा, आपले लोक, देगलूर तिचं स्वतःचं. सगळ्यांनी तिला सांगितलं, जा. मीही सांगितलं. ती राहिली. साहेबाला म्हणाली की इथली हवा मानवते. मला खरं सांगितलं: देगलूरकडं तिचा उंबरा सटवाईच्या पायाखालचा आहे. इथं हैदराबादेत उर्दू, तेलुगू, कानडी, मारवाडी, एवढ्या गर्दीत तिला एक पोर सापडायला वेळ लागेल.

असं भीतीवर घर बांधून ती बाई राहत होती. आणि तिच्या पोराला वेड लागलं ते नेमकं वाढदिवसांचं.

उत्तम तेव्हा विशीचा. जाड काचांचा चष्मा, लांब हात, बोलणं निम्मं मराठी निम्मं दखनी. केशवरावांकडं तो रेडिओ दुरुस्त करायला शिकला, आणि दुरुस्त झालेला रेडिओ लावून बघावा लागतो, त्यात त्याला रेडिओ सिलोनवरून ते नवं विलायती गाणं सापडलं. रॉक अँड रोल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं डबा जिन्यावरून गडगडत आला. पण सिकंदराबादची पोरं, कॉलेजातली पोरं त्या तबकड्या शोधत यायची. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेली इंग्रजी मासिकं उत्तम घरी नेऊन अक्षर अक्षर लावून वाचायचा. त्यातून त्यानं गाणाऱ्यांचे वाढदिवस पाठ केले. आठ जानेवारीला एल्व्हिस. सव्वीस फेब्रुवारीला फॅट्स डॉमिनो. पाच डिसेंबरला लिटल रिचर्ड. ज्याचा दिवस असेल त्याचं नाव तो दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा आणि दिवसभर त्याच्याच तबकड्या लावायचा. गर्दी जमायची, केशवरावांचा धंदा व्हायचा. ते कपाळाला हात लावून म्हणायचे, "क्या जमाना आया मियाँ, रामनवमीला एवढं गिऱ्हाईक येत नाही."

पाच डिसेंबरला मी तिथं गेलो आणि भडकलो. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचं परिनिर्वाण होऊन वर्ष होत होतं आणि हा इथं गोऱ्यांच्या जयंत्या करतोय. चारचौघांत त्याला झापलं. त्यानं शांतपणे तबकडी थांबवली आणि मासिकातला फोटो माझ्यापुढं धरला.

"मामा, नीट बघा. ह्यो गोरा हाय का?"

नव्हता. उत्तमनं सांगितलं की याचे पूर्वज तिकडं विकलेले गुलाम. गावात वेगळं राहायचं, बसमध्ये मागं बसायचं. मी फोटोकडं बघत राहिलो. मग म्हणालो, लाव. पण उद्या दुकान उघडलं तर तंगडं मोडीन. तो हसला. असा मुलगा होता.

हे सगळे दुसऱ्यांचे वाढदिवस होते तोवर कोंडाबाईला चिंता नव्हती. उलट सटवाईचं लक्ष तिकडं गुंतून राहील असं तिला वाटत असावं. अठ्ठावन्नच्या सप्टेंबरात ते बदललं.

सात सप्टेंबर होता. उत्तमचा सगळ्यांत लाडका गाणारा बडी हॉली, त्याचा वाढदिवस. हा गोराच, पण उत्तमसारखाच शिडशिडीत आणि उत्तमसारखाच जाड चष्म्याचा. सिकंदराबादची पोरं उत्तमला त्याच नावानं चिडवायची आणि उत्तमला ते आवडायचं. त्या दिवशी त्यानं फोटो लाकडी चौकटीत बसवून दुकानाच्या तोंडाशी ठेवला आणि हौसेनं त्याला झेंडूचा हार घातला.

कोंडाबाई सकाळची पाळी संपवून त्याचा डबा घेऊन आली. मी तिथंच होतो. पायरीवर चढता चढता तिनं तो हार बघितला आणि थांबली. आपल्यात फोटोला हार कधी घालतात ते सांगायला नको.

"कवा गेलं रं हे लेकरू?" तिनं विचारलं.

पोरं खो-खो हसली. उत्तम म्हणाला, मेला नाही माय, जिवंत आहे, आज बावीस वर्षांचा झाला. तिनं डबा खाली ठेवला, पुढं होऊन हार काढला आणि पदराखाली घेतला. उत्तमला म्हणाली, जित्या माणसाला हार घालतोस, अक्कल कुठं ठेवलीस? तो ओशाळला. आणि ओशाळलेल्या पोराला चिडवायची हीच वेळ असते; एकानं विचारलं, "सबकी सालगिरह बोलता उस्ताद, तेरी कब है?"

उत्तमला स्वतःचा दिवस माहीत नव्हता. एक जून सांगायची त्याला लाज वाटायची, ती ज्यांना आईबाप विसरले त्यांची तारीख. आईच्या देखत विचारलं होतं, गर्दी होती. तो ताडकन बोलून गेला, "आजच आहे. मी आणि तो एकाच दिवसाचे. सन छत्तीस, सात सप्टेंबर."

पोरांनी त्याला उचलला. केशवरावांनी उस्मानिया बिस्किटं मागवली. मी कोंडाबाईकडं बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. पायरीवरच्या खांबाला तिनं हात लावला आणि ओठ हलायला लागले. पुढं मला कळलं की ती हिशेब करत होती, पोरानं चुकून खरा दिवस तर सांगितला नाही. मग हळूहळू तिच्या तोंडावर रक्त आलं. नव्हता तो खरा. कुठंच जवळपास नव्हता.

आणि मग मी कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. कोंडाबाई मोठ्यानं म्हणाली, "हौ. आजच हाय. सात सप्टेंबर."

त्या दिवसानंतर तिचं दहा जणांना दहा दिवस सांगणं बंद झालं. आता एकच दिवस. दवाखान्यात, नळावर, किराणा दुकानात, विचारो न विचारो, माझा उत्तम सात सप्टेंबरचा. मला वाटलं भीती गेली. मी वस्तीच्या सभेत तिचं नाव न घेता तिचा दाखलाही दिला, की बघा, माणूस कसा मोकळा होतो. टाळ्या पडल्या.

पुढचा फेब्रुवारी. तीन तारखेला अमेरिकेत एक लहान विमान बर्फाळ शेतात पडलं आणि त्यात बडी हॉली गेला. इकडं बातमी रेडिओवरून आली. उत्तम दुकानात एका संचाची तार जोडत होता. केशवराव सांगतात, त्यानं फळा पुसला आणि दिवसभर एकही तबकडी लावली नाही. दुपारी कोंडाबाई डबा घेऊन आली तेव्हा त्यानंच तिला सांगितलं. त्याला वाटलं, माय दोन शब्द बोलेल. तिनं फक्त विचारलं, किती वर्साचा होता. बावीस, तो म्हणाला. ती डबा न देताच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी ती वस्तीत मी चालवतो त्या वाचनालयात आली. मी एकटाच होतो. आत येऊन भिंतीला टेकली आणि सरकत खाली बसली. दात वाजत होते. फेब्रुवारीत हैदराबादेत कुठली थंडी?

"दादा, म्या त्या बाईचं लेकरू मारलं."

कुठल्या बाईचं, ते कळायलाच मला वेळ लागला.

मग तिनं सांगितलं. सप्टेंबरात तो खोटा दिवस हाती आल्यावर तिला वाटलं, नुसतं माणसांना सांगून काय उपयोग? ज्या बाईला फसवायचंय तिला सांगितलं पाहिजे. वस्तीच्या मागं ओढ्याकाठी लिंबाखाली सटवाईचा शेंदूर फासलेला दगड आहे. तिथं ती गेली. दीक्षा घेतलेली बाई, पदरात नारळ बांधून गेली आणि दगडापुढं बसून म्हणाली, तू ज्याला हुडकतेस तो सात सप्टेंबरचा, चष्मेवाला, गाण्याच्या नादाचा. एकदा नाही, दर मंगळवारी जाऊन सांगत राहिली.

"तिला दोन गावले असत्याल. आमचा खोटा, त्यो खरा. ती खऱ्याला घिऊन गेली."

मी उठलोच. नारळ ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणालो, बाई, तू शपथ मोडलीस, वस्तीला खाली बघायला लावलंस, आणि वर हे खूळ. ते विमान होतं, रात्र होती, हिमवर्षाव होता. यंत्र पडतं. त्याच विमानात आणखी माणसं मेली, त्यांचा काय सात सप्टेंबर होता?

"बाकीचे बी गेले?" तिनं विचारलं, आणि मला कळलं की मी तिला समजावलं नव्हतं, तिच्या ओझ्यात आणखी मढी घातली होती.

जाताना दारात थांबून म्हणाली, "त्याच्या मायला किती लेकरं, ते इचारा की कुणाला तरी." हैदराबादेत हे कुणाला विचारणार?

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. तिनं वॉर्डात तान्ही बाळं हातात घेणं बंद केलं. हात कापतात म्हणायची. नर्सनं रागावून तिला फरशी पुसायला लावलं. इकडं उत्तमवर तिनं पहारा बसवला. तिला आता दुसरीच भीती होती, ती अशी: कारकुनाकडून चूक झाली की कधीतरी ताळा बसत नाही. बसला नाही की तो पुन्हा हुडकत येतो. परदेशातलं चष्मेवालं पोर नेलं, तरी कोंडाबाईचं खातं रिकामंच. आता सटवाई खवळून येणार. तिनं उत्तमची सायकल कुलूप लावून ठेवली. तो बसनं जायला लागला तर ही पाठीमागच्या बसनं. रस्ता ओलांडताना मागून येऊन दंड धरायची. चोवीसेक वर्षांचा दिसणारा बाप्या गडी, भर सुलतान बाजारात आई त्याला दंडाला धरून नेतेय. पोरं टवाळी करायची. एकदा तो माझ्याकडं येऊन तळतळला, की मामा, हिला सांगा, मला जगू दे म्हणावं.

मी सांगितलं. भिंतीला सांगितल्यासारखं झालं. खरं तर मीही तेव्हा तिच्या घरावरून जाताना आत डोकावून जायला लागलो होतो, उत्तम आला का नाही बघायला.

मग मार्चमध्ये ते घडलं. लग्नसराईसाठी भाड्यानं द्यायचा मोठा ॲम्प्लिफायर उत्तम मागचं झाकण काढून तपासत होता. काय चुकलं कोण जाणे, त्याला विजेचा झटका बसला. केशवराव सांगतात, पोरगं यंत्राला चिकटलं आणि तोंडातून आवाजही निघेना. त्यांनी लाकडी पट्टीनं मेनचं बटण खाली पाडलं तेव्हा तो मागं भिंतीवर आदळला. चष्मा फुटला. उजव्या तळव्याची कातडी जळून काळी पडली. श्वास होता.

मला निरोप आला तसा मी धावत गेलो. कोंडाबाई माझ्या आधी पोचली होती. मला वाटलं होतं ती छाती पिटत असेल. ती शांत होती. डॉक्टर मलम लावून, पट्टी बांधून गेले होते. उत्तम बाकावर भिंतीला टेकून बसला होता, चष्म्याशिवाय, वासरासारखा बघत. ती त्याच्या समोर उकिडवी बसली होती आणि त्याच्या कपाळाकडं टक लावून बघत होती. मी जवळ गेलो तेव्हा न वळताच बोलायला लागली.

तिचं म्हणणं होतं की तिनं आजवर उलटं धरलं होतं. कोरं कपाळ म्हणजे लपलेलं कपाळ असं तिला वाटत होतं. पण कोऱ्या कपाळाला धनी नसतो. त्यावर वीज लिहील, बस लिहील, येणारा-जाणारा कुणीही लिहील. आणि सटवाई तिकडं अंधारात हात घालत राहणार, मिळेल त्या आईचं ओढत राहणार. वीस-बावीस वर्षं हे चाललंय. आता बास.

"माय, काय करतीस?" उत्तम म्हणाला.

ती उठली आणि दुकानाच्या पायरीवर गेली. दुपारची वेळ, सुलतान बाजार भरलेला. कापडाच्या दुकानांपुढं बायका, हातगाड्या, रिक्षावाले, एक बस अडकून भोंगा वाजवतेय. मी तिच्या मागं गेलो. मला वाटलं वेड लागलं, आवरावं. माझा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला आणि मी तो मागं घेतला. वस्तीतल्या अडाणी बायकांना मीच शिकवलं आहे की कचेरीत खिडकीसमोरून हलू नका, कारकुनाला तुमच्या देखत लिहायला लावा आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लावा. ती तशीच उभी होती, डाव्या हातानं पदर खोचून, अगदी खिडकीसमोर उभी राहावी तशी.

"ऐक," ती रस्त्याला म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. "उकंडा. माय कोंडाबाई, बाप तुळशीराम, देगलूरकडचा. पौषात झाला. तुरी खळ्यात आल्या होत्या. आवसंच्या आदुगरचा मंगळवार, दिस कासराभर वर. म्या त्याला उकंड्यावर लपवला, झोळीत दगड ठिवला. माझी लबाडी. त्या चष्म्याच्या लेकराचा, त्याच्या मायचा काही गुन्हा न्हाई. आता ह्याचं लिही. म्या हितं उभी हाय, माझ्या देखत लिही. म्हातारा हुईल, आसं लिही."

दोन बायका थांबून बघायला लागल्या. एका रिक्षावाल्यानं पगली आहे का म्हणून मला खुणेनं विचारलं. मी त्याला अशी शिवी दिली की तो पुढं गेला. उत्तम बाकावरून उठून दारापर्यंत आला होता. जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःचा दिवस ऐकला होता. केशवरावांनी त्याला मागून धरलं होतं, पडू नये म्हणून.

मग कोंडाबाई पायरीवर बसली, रस्त्याकडं तोंड करून. चहा आला, घेतला नाही. केशवराव म्हणाले, घरी घेऊन जा दोघांना. ती म्हणाली, लिहून हुईस्तवर हलायचं न्हाई.

मी कशालाही भीत नाही. पोलिसांना भ्यालो नाही, रझाकारांना भ्यालो नाही, देवांचं पोतं खांद्यावर वाहिलं तेव्हा मान वाकडी केली नाही. सटवाई बिटवाई काही नसतं, हे मी आजही हजार माणसांपुढं सांगेन. पण त्या दुपारी मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो, आणि गर्दीतून दुकानाकडं वळणाऱ्या प्रत्येक अनोळखी बाईच्या हाताकडं बघत राहिलो, ती पुढं निघून जाईपर्यंत.